मामांचा हातगुण

बुधवारी सकाळी कारखान्याच्या आवारात इतकी गर्दी जमली की वॉचमनला स्वतःच्याच खुर्चीपर्यंत पोचता येईना. पहिल्या पाळीचे कामगार तर होतेच, दुसऱ्या पाळीचेही चार तास आधी उगवले होते. कामाला रोज दहा मिनिटं उशिरा येणारी माणसं चमत्काराला मात्र दहा मिनिटं आधी हजर असतात, हा आपला जुना अनुभव. शेजारच्या रबराच्या कारखान्यातली मंडळी कुंपणावर चढून बसली होती. आणि मधोमध, उपड्या घातलेल्या पिंपावर, राखाडी झगा घातलेले लोहबाबा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या उजव्या कानाला एक बोल्ट लावलेला होता.

"बोलतोय," बाबा म्हणाले.

गर्दीनं कान टवकारले.

"काय म्हणतोय, बाबा?" मालकांनी हात जोडून विचारलं. कामगार काही सांगायला गेला की हेच मालक मनगटावरचं घड्याळ बघायचे.

"रडतोय बिचारा. म्हणतोय, मला आगीत घातलं त्याचं दुःख नाही. लालभडक असताना तेलात बुडवलं, त्याचंही नाही. लोखंडाचा जन्मच सोसायला! पण ज्या हातानं घातलं ना, तो हात..." बाबांनी एक लांबलचक उसासा सोडला. "त्या हाताला गुण नाही."

सगळ्या माना एकदम वळल्या आणि भट्टीच्या दाराशी उभ्या असलेल्या मामांवर जाऊन थांबल्या.

मामा म्हणजे कारखान्याचे भट्टीवाले. सत्तावीस वर्षं त्यांनी या भट्टीवर काढली. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ते अंश सांगायचे, आणि भट्टीचं मीटर आणि मामा यांच्यात फरक पडला तर लोक मीटर दुरुस्तीला पाठवायचे. त्यांच्या हाताला यश आहे, असं हेच लोक वर्षानुवर्षं म्हणत आले होते. आता तेच मामा दोन्ही हात पाठीमागे लपवून उभे होते, जणू हातात चोरीचा माल आहे.

"शनिवारपर्यंत तो हात या छपराखालून गेला पाहिजे," बाबांनी डोळे उघडले. "आणि हात गेला तरी त्याची सावली बारा वर्षं राहते. तोवर माझी पेटी इथंच राहील."

"म्हणजे बाबा पण इथंच राहणार," गर्दीच्या मागून एक बाई पुटपुटली.

तिला सगळे मापाताई म्हणायचे. कारखान्यातली तपासनीस; हातात मोजपट्टी नसेल तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दारात आलेल्या भाजीवाल्याचा काटाही ती एकदा खिशातल्या वजनानं तपासून बघायची. आणि मामा तिचे सख्खे मामा. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून तिला तंत्रशाळेत घालण्यापर्यंत सगळं याच हातांनी केलं होतं. त्या हातांना चारचौघांत गुण नाही म्हणतात म्हणजे काय? मापाताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण बोलायची पंचाईत अशी होती की बाबांच्या पेटीचा गुण खोटा नव्हता. तो मापाताईंनी स्वतः मोजला होता.

त्याचं असं झालं. हा कारखाना क्रेनचे आणि लिफ्टचे बोल्ट बनवायचा. ज्या बोल्टवर माणसं लटकतात, तो बोल्ट मऊ चालत नाही. म्हणून मामा त्याला भट्टीत लाल करून तेलात विझवायचे; त्यानं तो काचेसारखा कडक आणि तेवढाच ठिसूळ व्हायचा. मग परत साडेचारशे अंशांचा कोवळा ताव द्यायचे, की कडकपणा राहून ठिसूळपणा जातो. "पोरीला शाळेत मारतात आणि घरी आणून खाऊ देतात ना, तसं," असं मामा समजावून सांगायचे. बाहेर पडायचा काळाकुळकुळीत, तेलकट बोल्ट. रूपाचा बेताचा, पण गुणाचा.

तीन महिन्यांपूर्वी एका नव्या गिऱ्हाइकानं चकचकीत बोल्ट मागितले. मालकांनी लगेच जस्ताच्या मुलाम्याच्या टाक्या बसवल्या. टाक्यांवर एक हौशी तरुण नेमला, त्याचं नाव पडलं चमक्या. चमक्याला चमकेचा ध्यास. मुलाम्याआधी बोल्ट ॲसिडमध्ये पाच मिनिटं धुवायचा, तर हा वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. बोल्ट असे निघायचे की त्यात बघून भांग पाडावा.

आणि मग ते तुटायला लागले.

तुटायचे तेही कसे? ताणमशीनवर लावून ओढले तर एकही तुटायचा नाही. घट्ट आवळून, सांगाड्यावर लावून, स्वस्थ ठेवून दिले, की तीन-चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी टण्णकन आवाज व्हायचा आणि बोल्टचं डोकं उडून भिंतीवर जाऊन आपटायचं. आसपास चिटपाखरू नाही, कुणाचा धक्का नाही. ओढला तर तुटत नाही आणि सुखात ठेवला तर तुटतो, असला विक्षिप्त बोल्ट कुणी जन्मात पाहिला नव्हता. गिऱ्हाइकानं तीन खोकी परत पाठवली. कारखान्यात भूत शिरलंय, असं आधी वॉचमन म्हणाला, आणि आठवड्याभरात सगळेच म्हणू लागले.

मालकांचे मेहुणे लोहबाबांना घेऊन आले ते त्याच सुमारास. बाबांनी सोबत एक जाडजूड पेटी आणली होती, तिच्यावर घोंगडी पांघरलेली. टाकीशेजारची खोली त्यांनी मागून घेतली. सकाळी मुलामा दिलेले शंभर बोल्ट पेटीत जायचे, बाबा दार लावून हूं हूं करत बसायचे, आणि संध्याकाळी बोल्ट बाहेर यायचे. ते बोल्ट तुटायचे नाहीत. मापाताईंनी तीन खेपा आवळून, आठ-आठ दिवस ठेवून पाहिल्या. एकही नाही! तिच्या वहीत ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि वही खोटं बोलत नव्हती.

घरची कथा याहून वाईट. मापाताईंची मुलगी चार महिन्यांची. तिच्या पाळण्याच्या कड्या मामांनी स्वतः भट्टीवर घडवल्या होत्या. बाबांनी पहिल्यांदा हाताचा विषय काढला त्या दिवशी संध्याकाळी मापाताई घरी आली, तर पाळण्याला बाजारातला दोर बांधलेला, आणि कड्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या. त्या दिवसापासून मामांनी नातीला हात लावला नव्हता. ती रडली की पाळण्याला पायानं झोका द्यायचे आणि तोंडानं "ओ ओ" करायचे.

"मामा, हा काय वेडेपणा?"

"असू दे गं. उगाच कशाला परीक्षा बघायची?"

तर बुधवारी सकाळी बाबांनी शनिवारची मुदत घातली, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मापाताई तणतणत बाबांच्या खोलीवरून चालली होती. बाबा मालकांच्या घरी जेवायला गेले होते. खोलीचं दार किलकिलं होतं, आणि वॉचमन फडक्यात धरून पेटीवरचा आपला डबा उचलत होता. डबा उघडला तर आतल्या डाळीतून वाफा.

"हे काय हो काका?"

"कुणाला सांगू नकोस, ताई. बाबांच्या पेटीवर डबा ठेवला की अर्ध्या तासात असा वाफाळतो. कृपाच म्हणायची!"

"आणि हात नाही पोळला? बाबा तर म्हणतात, पापी माणसानं पेटीला हात लावला की पोळतो."

"पोळला की! हे बघ." वॉचमननं लाल झालेलं बोट दाखवलं. "मी कुठं धुतल्या तांदळासारखा आहे?"

मापाताईंना हसू फुटलं. आणि हसता हसता ती एकदम थबकली. पाप्याचा हात पोळतो, हे ठीक. पण डाळीनं काय पाप केलं होतं?

ती तशीच टाक्यांकडे गेली. चमक्या डबा खात बसला होता.

"काय रे, बाबांना बोल्ट केव्हा द्यायचे असतात?"

"टाकीतून काढल्या काढल्या. चार तासांच्या पुढे गेले तर मंत्र लागत नाही म्हणतात. आणि पिवळ्या पाण्याच्या आधी." पिवळं पाणी म्हणजे मुलाम्यावरची शेवटची आंघोळ, त्यानं सोनेरी झाक येते आणि गंज लांब राहतो. "मी एकदा चुकून पिवळे करून नेले, तर बाबा माझ्या अंगावर ओरडले. म्हणाले, गाढवा, पेटीत घातल्यावर ही झाक मरते, माहीत नाही का?"

"झाक मरते? असं बाबा म्हणाले?"

"हो ना. बघ, देवमाणसाला सगळं कसं ठाऊक असतं!"

देवमाणसाला नाही रे बाबा, मापाताई मनात म्हणाली, हे मुलाम्याच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिनं माळ्यावरून तंत्रशाळेतलं पुस्तक काढलं. धूळ झटकली, मुलाम्याचा धडा काढला, आणि तिसऱ्या पानावर तिला सगळं सापडलं. कडक पोलाद, ॲसिड, मुलामा, चार तास, दोनशे अंश; अगदी पिवळ्या पाण्याआधी तापवायचं, हेसुद्धा. पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: परीक्षेला येत नाही.

मापाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने ती बाबांवर जळत होती आणि उत्तर तिच्याच माळ्यावर, मामांच्या कड्यांच्या शेजारी पडलं होतं. या कारखान्यात मुलामा कधी नव्हताच, म्हणून ती विसरली. हे खरं, पण तिचं तिलाच ते पुरेसं वाटेना.

"मामा, उद्या तुम्ही भट्टी लावायची. दोनशेवर, दिवसभर. मुलाम्याचे दहा बोल्ट तुमच्या हातानं घालायचे. हातमोजे न घालता."

मामा पाळण्यापासून दोन पावलं मागे सरले. "माझ्या हातानं नको."

"तुमच्याच हातानं पाहिजे!"

"आणि तुटले तर?" मामांनी विचारलं. "पोरी, आत्ता निदान अर्धं मन म्हणतं की हे खोटं आहे. तेवढ्यावर मी जगतोय. तुटले तर ते अर्धंही जाईल."

मापाताईंनी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं, एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षं तुम्ही लोखंडावर विश्वास ठेवलात. अजून दोन दिवस ठेवा. तुटले, तर तुम्ही म्हणाल तसं. मी एक शब्द बोलणार नाही."

मामांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सहाला उठव."

गुरुवारी सकाळी बाबा पिंपावर चढले तेव्हा मापाताई सरळ पुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, एक शंका. मंत्र मोठा की पेटी?"

"मंत्र!" बाबा गरजले. "पेटी म्हणजे नुसतं लाकूड आणि पत्रा. शक्ती माझ्या कंठात आहे."

"वा! मग आज सगळ्यांचं भाग्य उजळू द्या. पेटी इथं आवारात आणू, आणि तुम्ही सगळ्यांसमोर दहा बोल्टना मंत्र द्या. खोलीत कोंडून का बसायचं?"

गर्दीतून "हो हो!" उठलं. दोन महिने दाराच्या फटीला डोळा लावून लावून लोक कंटाळले होते. बाबांनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा आवाराकडे. आवारात सगळं होतं; ऊन होतं, वारा होता, माणसं होती. नव्हतं ते फक्त एक. पण ते काय, हे बाबांना सांगता येत नव्हतं.

"अविश्वासू माणसांसमोर मंत्र बसत नाही," बाबा म्हणाले.

"मंत्र बोल्टला बसवायचाय, आम्हाला नाही," मापाताई म्हणाली. "बोल्टचा विश्वास आहे की नाही, ते तुम्ही कानाला लावून विचारा."

हशा पिकला. मालकसुद्धा हसले आणि मग दचकून गंभीर झाले. "बाबा, होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "ताईंचीही खात्री पटेल."

आता बाबांना मागे फिरता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मापाताईंनी एकाच खेपेतले तीस बोल्ट घेतले. मामांनीच ते आठवड्यापूर्वी विझवले होते, त्यांनीच कोवळा ताव दिला होता; तोच हात, तीच भट्टी, तेच तेल. त्यातले दहा तिनं काळेच ठेवले, त्यांना मुलामा नाही, मंत्र नाही, काही नाही. वीस बोल्टना चमक्यानं रोजच्यासारखा वीस मिनिटं ॲसिडमध्ये घालून मुलामा दिला. त्यातले दहा बाबांच्या पेटीत गेले, भर आवारात. उरलेले दहा मामांनी घेतले.

मामा भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांनी हातमोजे काढून खिळ्याला अडकवले, एकेक बोल्ट उघड्या हातानं जाळीवर मांडला, आणि दार लावलं. रांग पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"परत भट्टीत घातले, आता मऊ नाही का पडणार?" मालकांनी विचारलं.

"साडेचारशेचा ताव खाल्लेल्या पोलादाला दोनशेचं काय कौतुक?" मामा म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जुना ठसका आला होता.

बाबांनी दिवसभर मंत्र म्हटला. सकाळी हूं हूं, दुपारी उन्हात हं हं, चार वाजता नुसता घसा खाकरणं. मध्ये तीनदा चहा झाला. वॉचमननं सवयीनं पेटीवर डबा ठेवला होता, तो जेवायच्या वेळी उघडून बघितला तर गारढोण. त्यानं डब्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, हळूच पेटीला बोट लावलं, मग अख्खा तळवा लावला.

"अरेच्चा," तो म्हणाला, "आज माझं पाप कुठं गेलं?"

संध्याकाळी तीन जाड लोखंडी पाट्यांवर दहा-दहा बोल्ट आवळले गेले. एकाच मापाच्या पान्ह्यानं, एकाच ताकदीनं, मालकांच्या डोळ्यांदेखत. मामांच्या बोल्टचा कडकपणा मापाताईंनी भट्टीआधी मोजला होता, आता परत मोजला. काट्याची जागा तीच. पाट्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली चहावाल्या काकूंकडे दिली. कारखान्यात त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, कारण त्या कुणालाच साखर जास्त घालत नसत.

शुक्रवारी सकाळी पिंजऱ्यासमोर सगळे जमले. साडेनऊ वाजेपर्यंत काही झालं नाही. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला. मामांनी पिंजऱ्याकडे पाठ केली होती.

टण्ण!

वॉचमन हातभर उडाला. जाळीला एक चकचकीत डोकं येऊन आपटलं आणि घरंगळत खाली पडलं.

"कुणाचं?" मामांनी वळून न बघता विचारलं. "अगं, कुणाचं ते सांग!"

"मंत्राचं!" चमक्या ओरडला.

दहाला दुसरं डोकं उडालं. साडेदहाच्या आत आणखी दोन. प्रत्येक आवाजाला बाबा झग्यात थोडे थोडे लहान होत गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मंत्राच्या दहांपैकी सहा गेले होते आणि सातव्याच्या मानेवर केसाएवढी चीर दिसत होती. मामांच्या पाटीवर दहाच्या दहा शाबूत. आणि काळ्या बोल्टच्या पाटीवरही दहाच्या दहा.

"आता बघा," मापाताई पिंपावर चढली. बाबांनी पिंप आपणहून सोडलं होतं. "हे काळे बोल्ट मामांच्याच हातचे, त्यांना कुणी मंत्र दिला नाही, तरी ते तुटले नाहीत. म्हणजे हातात दोष नाही. हे मंत्राचे, दिवसभर मंत्र ऐकून तुटले. म्हणजे मंत्रात गुण नाही. आणि हे मुलाम्याचे बोल्ट नुसते दोनशे अंशांवर दिवसभर ठेवले, तेही बाबांनी नावं ठेवलेल्या हातानं, आणि ते टिकले. राहिलं काय?"

"ऊब!" काकू म्हणाल्या.

"ऊब. लोखंड ॲसिडमध्ये घातलं की बुडबुडे येतात ना? तो हायड्रोजन वायू. सगळा वर येत नाही. थोडा पोलादाच्या आत मुरतो, मुलामा देतानाही मुरतो. मऊ पोलाद तो सोसतं, जरा वाकतं, सावरतं. कडक पोलाद वाकत नाही. त्याला आवळून ठेवलं, की जिथं सगळ्यात जास्त ताण तिथं हा वायू हळूहळू गोळा होतो आणि आतून चीर पाडतो. त्याला वेळ लागतो, म्हणून माझ्या मशीनवर दोन मिनिटांत काही कळायचं नाही. पण मुलाम्यानंतर लगेच दिवसभर गरम ठेवलं की वायू निघून जातो. मामांनी बोल्ट कडक केले ते बरोबरच होतं. चमक्यानं चकचकीत केले. दोन्ही एकत्र आलं आणि मधली भट्टी राहिली, एवढंच झालं."

"मी वीस मिनिटं बुडवत होतो," चमक्या पडलेल्या आवाजात म्हणाला.

"आणि माझ्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. आपण दोघं नंतर रडू. आधी पेटी बघू."

पेटी उघडली. आत जाड अस्तर, खाली तापणाऱ्या तारांचं वेटोळं, कोपऱ्यात अंशांचा काटा. खोलीच्या भिंतीत, बाबांच्या आसनामागे, वायर जायला पाडलेलं भोक होतं आणि पलीकडे चमक्याच्या टाकीचाच प्लग.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "लबाडा! दोन महिने माझ्या घरी जेवलास!"

बाबांनी झग्याच्या बाहीनं घाम पुसला. आता त्यांचा आवाज साधा, आपल्यातुपल्यातला झाला होता. "पंधरा वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात ओव्हन सांभाळला मी. कारखाना बंद पडला. तुमच्याकडेही आलो होतो, साहेब, टाक्या बसल्या त्या आठवड्यात. म्हणालो, ओव्हन नसेल तर कडक बोल्ट तुटतील, मला ठेवून घ्या. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, नंतर ये. मग झगा घालून आलो. तेव्हा तुम्ही पाया पडलात."

मालकांना कुठं बघावं कळेना. नेमकं तेव्हा घड्याळाकडे बघायचीही सोय नव्हती.

पण मापाताई हलली नाही. "ते तुमचं आणि त्यांचं. माझ्या मामांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

बाबांनी मान खाली घातली. "काहीच नाही. लोकं रोज विचारायची, दोष कुणाचा? वायू दिसत नाही, ताई. माणूस दिसतो."

मापाताईंच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. पण मामा पुढे झाले, पेटीत वाकून बघू लागले, आणि म्हणाले, "किती अंशांवर ठेवायचास?"

"एकशे नव्वद."

"कडेचे थंड राहत असतील."

"राहतात. म्हणून मधे एकदा फिरवायचो."

"अंगात एवढी विद्या होती," मामा म्हणाले, "आणि तू ती हूं हूं करण्यात घालवलीस. जा आता." त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याहून हळहळ जास्त होती.

बाबा गेले. मालकांनी मामांसमोर हात जोडले आणि सगळ्यांदेखत माफी मागितली, अडखळत, पण मागितली. चमक्यानं टाकीवर पाटी लावली: ॲसिड पाच मिनिटं. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत भट्टी. खाली वॉचमननं खडूनं लिहिलं, मंत्र ऐच्छिक. मापाताईंनी ते पुसलं नाही.

तिनं पिंपावरून उतरण्याआधी एवढंच म्हटलं होतं, "चमत्कार दिसला तर हात जोडू नका, हात लावून बघा. पोळला तर विचारा, का पोळला? एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय होतं ते मोजा. आणि माणसावर खापर फोडण्याआधी निदान दोन दिवस थांबा. बोल्ट परत करता येतो. मोडलेला माणूस एवढा सहज जुळत नाही."

संध्याकाळी ती घरी पोचली तर मामा स्टुलावर चढलेले. पाळण्याचा दोर सोडून खाली टाकला होता आणि फडक्यातल्या कड्या परत आढ्याला लागल्या होत्या. मामांनी एकेका कडीला लोंबकळून आपलं सगळं वजन टाकून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग उतरले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि नातीसमोर जाऊन नुसतेच उभे राहिले.

"घ्या की," मापाताई म्हणाली.

मामांनी एक बोट पुढे केलं. पोरीनं ते मुठीत धरलं आणि सोडेचना. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा असूनही त्यांनी पुसलं नाही. तो त्यांनी पोरीच्या पाठीखाली घातला आणि तिला उचललं.

"पकड बघ काय आहे," ते म्हणाले. "ताव अगदी बरोबर बसलाय."